‘कोठे लिखेल शे?’ : मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आयईएलटीएस रीडिंगची तयारी

धुळ्यात आयईएलटीएसची, म्हणजे परदेशात शिकायला जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेची, माझी सकाळची बॅच सात वाजता भरते. नवीन पोरगं आलं की आठवडाभरात आमचं एक अहिराणी वाक्य त्याच्या तोंडी बसतं : ‘कोठे लिखेल शे?’, म्हणजे ‘कुठे लिहिलं आहे?’ कुणी उत्तर सांगितलं की मी काही बोलायच्या आत शेजारचा विचारतो, ‘कोठे लिखेल शे, दाखाड.’ मग उत्तर देणाऱ्याने उताऱ्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही, तर उत्तर बरोबर निघालं तरी आम्ही ते धरत नाही.

माझ्याकडे येणारी मुलं साक्री, शिंदखेडा, नंदुरबार, अमळनेर, रावेर अशा भागांतली. कुणी बी.एस्सी. ॲग्री, कुणी शिरपूरला फार्मसी केलेली, कुणी इंजिनिअर. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते. पहिल्या दिवशी सगळे एकच सांगतात, ‘सर, इंग्रजी कच्चं आहे, शब्द कमी पडतात.’ शब्द कमी पडतात हे खरं. पण मार्क जातात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. शाळा-कॉलेजात आपल्याला उत्तर आठवायची सवय लागली, आणि इथे समोरच्या कागदातून उत्तर शोधून त्याचा पुरावा मिळवायचा असतो. सवय बदलायला आठ ते दहा आठवडे लागतात. ती कशी बदलायची, ते आता क्रमाने सांगतो.

पायरी पहिली : परीक्षेचा सांगाडा डोक्यात बसवा

आयईएलटीएसच्या ॲकॅडेमिक रीडिंगमध्ये, म्हणजे विद्यापीठात जाणाऱ्यांच्या वाचनाच्या पेपरात, तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. तिन्ही उतारे मिळून मजकूर साधारण २,१५० ते २,७५० शब्दांचा. तो पुस्तकं, मासिकं, नियतकालिकं, वृत्तपत्रं यांतून घेतलेला असतो आणि सर्वसाधारण वाचकासाठी लिहिलेला असतो. म्हणजे मधमाश्यांवर उतारा आला तर प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. प्रत्येक बरोबर उत्तराला एक मार्क आहे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडायची नाही.

लिसनिंगच्या, म्हणजे ऐकण्याच्या, कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी दहा मिनिटं मिळतात. रीडिंगमध्ये तशी वेगळी मिनिटं नाहीत, ६० म्हणजे ६०. उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवरच लिहायची. ‘आधी प्रश्नपत्रिकेवर लिहितो, मग उतरवतो’ म्हणणारी मुलं शेवटच्या घंटेला दहा-बारा उत्तरं हातात घेऊन बसलेली मी पाहिली आहेत.

बँडचा, म्हणजे निकालात मिळणाऱ्या श्रेणीचा, हिशोब साधारण असा : ४० पैकी १५ ला बँड ५, २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८. पेपरच्या काठिण्यानुसार एखाद्या मार्काचा फरक पडतो. या आकड्यांकडे नीट बघा. सहाहून सातवर जायला सातच उत्तरं जास्त लागतात. माझ्या अनुभवात त्यातली दोन-तीन ‘नॉट गिव्हन’मध्ये (‘उताऱ्यात दिलेलं नाही’ या उत्तरात) अडकलेली असतात, एक-दोन स्पेलिंगमध्ये, आणि उरलेली वेळ संपल्यामुळे वाचायचीच राहून जातात. मुलं मात्र ‘अजून हजार शब्द पाठ करायला हवेत’ म्हणून शब्दांची जाड पुस्तकं घेऊन बसतात.

पायरी दुसरी : मनातलं भाषांतर थांबवा

मी स्वतः पहिल्यांदा ही परीक्षा दिली तेव्हा शेवटच्या उताऱ्याचे सहा प्रश्न न वाचता राहिले. शब्द बहुतेक येत होते. पण प्रत्येक वाक्य मी मनात मराठीत करत होतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं, मराठीत ते शेवटी. त्यामुळे भाषांतर करणारा माणूस वाक्याच्या टोकापर्यंत जातो, मागे येतो, आणि एक वाक्य दोनदा वाचतो. तीन उताऱ्यांत हे परवडत नाही.

यावरचा उपाय आपल्याच शाळेत आहे. आठवी-नववीत मराठी व्याकरणाला वाक्यपृथक्करण होतं. मुख्य वाक्य कोणतं, गौण वाक्य कोणतं, ते आपण वेगळं काढायचो. तेच इथे करायचं. माझ्या बॅचला मी केळीवर एक उतारा लिहून देतो. त्यातलं हे वाक्य बघा : ‘द फंगस, विच हॅड डिस्ट्रॉइड प्लांटेशन्स अक्रॉस सेंट्रल अमेरिका, वॉज फाउंड टु सर्व्हाइव्ह इन द सॉइल फॉर डेकेड्स.’ दोन स्वल्पविरामांच्या मधला तुकडा बोटाने झाका. खाली उरतं ते मुख्य वाक्य : ‘द फंगस वॉज फाउंड टु सर्व्हाइव्ह इन द सॉइल फॉर डेकेड्स.’ बुरशी मातीत कैक दशकं तग धरते, एवढंच सांगायचं होतं. झाकलेला तुकडा ही जास्तीची ओळख, लागली तर परत बघायची. पहिले पंधरा दिवस रोज अशी दहा लांब वाक्यं घ्या. कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा. बाकी काही करू नका. पंधरा दिवसांनी डोळा स्वतःहून क्रियापदाकडे जायला लागतो.

याच्या जोडीला रोज एक परिच्छेद दीड मिनिटात वाचा, कागद उलटा ठेवा आणि परिच्छेद कशाबद्दल होता ते एका वाक्यात सांगा. मराठीत सांगितलं तरी चालेल, अहिराणीत सांगितलं तरी चालेल. वाचून झाल्यावर आपल्या भाषेत सार सांगणं ही समज झाली. वाचता वाचता शब्दागणिक मराठी करणं हा अडथळा. या दोन्हींत गल्लत करू नका. सुरत-भुसावळ लाइनवर अप-डाऊन करणारी माझी एक विद्यार्थिनी अमळनेर सोडलं की धरणगाव येईपर्यंत दोन परिच्छेद वाचायची आणि शेजारच्या मैत्रिणीला त्यांचं सार सांगायची. मैत्रीण बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचंही इंग्रजी त्यात सुधारलं.

पायरी तिसरी : शब्दांची वही वेगळ्या पद्धतीने लिहा

दहावीच्या अपठित उताऱ्यात प्रश्नातले शब्द आणि उताऱ्यातले शब्द बहुधा तेच असायचे. शब्द सापडला की ते वाक्य उचलून लिहायचं. आयईएलटीएसमध्ये प्रश्न मुद्दाम दुसऱ्या शब्दांत विचारलेला असतो. उताऱ्यात ‘वाइप्ड आउट’ असेल तर प्रश्नात ‘डिस्ट्रॉइड’ येईल. ‘ग्रोअर्स’चं ‘फार्मर्स’ होईल, ‘फॉर डेकेड्स’चं ‘अ लाँग टाइम’ होईल. उलट प्रश्नातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यात दिसला तर जरा थांबा. कित्येकदा तो चुकीच्या पर्यायाकडे ओढण्यासाठी ठेवलेला असतो.

म्हणून वहीत ‘इंग्रजी शब्द, मराठी अर्थ’ अशी यादी नको. डाव्या बाजूला उताऱ्यातले शब्द, उजव्या बाजूला त्याच अर्थाचे प्रश्नातले शब्द, अशा जोड्या लिहा. दिवसाला आठ जोड्या पुरे. शब्दाचं कुटुंबही सोबत लिहा : ‘रेझिस्ट’, ‘रेझिस्टन्स’, ‘रेझिस्टंट’. रिकाम्या जागा भरताना याचाच उपयोग होतो, कारण तिथे नाम हवं की विशेषण हवं हे आधी ओळखायचं असतं.

पायरी चौथी : ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन

या प्रश्नात एक विधान देतात. उताऱ्यावरून ते खरं ठरलं तर ट्रू, खोटं ठरलं तर फॉल्स, आणि उताऱ्यात त्याबद्दल काहीच नसेल तर नॉट गिव्हन लिहायचं. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त रडारड याच प्रश्नावर होते.

तो केळीचा उतारा थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जागतिक बाजारात ‘ग्रॉस मिशेल’ नावाची केळीची जात चालायची. पनामा रोग नावाची मर, म्हणजे झाड वाळवणारा रोग, मातीतल्या बुरशीमुळे आली आणि मध्य अमेरिकेतल्या बागाच्या बागा संपल्या. मग निर्यातदारांनी ‘कॅव्हेंडिश’ गटातल्या जाती उचलल्या, कारण बुरशीच्या तेव्हाच्या प्रकाराला त्या बळी पडत नव्हत्या. ‘ग्रॉस मिशेल’ व्यापारातून जवळपास गेली, तरी काही देशांत ती अजून लावली जाते. खायची केळी बीविना असते आणि मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांपासून) किंवा टिश्यूकल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत रोपं तयार करून, वाढवतात, त्यामुळे एका जातीची सगळी झाडं आनुवंशिकदृष्ट्या जवळपास सारखी. म्हणून नवा रोग आला की सगळी एकदम सापडतात. प्रयोगशाळेतून निघताना टिश्यूकल्चरची रोपं रोगमुक्त असतात, पण बुरशी असलेल्या मातीत लावली तर त्यांनाही लागण होते.

आता विधानं घ्या. पहिलं : ‘ग्रॉस मिशेल ही जात आता जगात कुठेही लावली जात नाही.’ उत्तर फॉल्स. ‘काही देशांत अजून लावली जाते’ या वाक्यावर बोट ठेवता येतं आणि ते विधानाच्या थेट विरुद्ध आहे.

दुसरं : ‘कॅव्हेंडिश केळीची चव ग्रॉस मिशेलपेक्षा कमी दर्जाची आहे.’ अशी चर्चा तुम्ही कुठेतरी वाचली असेल. पण उताऱ्यात चवीबद्दल अवाक्षर नाही. नॉट गिव्हन.

तिसरं : ‘टिश्यूकल्चरच्या रोपांपासून मुनव्यांपेक्षा जास्त उत्पन्न मिळतं.’ रावेरच्या एका मुलाने छातीठोकपणे ट्रू लिहिलं. त्याच्या घरची केळीची बाग आहे, वडिलांनी मुनव्यांवरून ग्रँड नैन या कॅव्हेंडिश गटातल्या जातीच्या टिश्यूकल्चर रोपांवर येऊन बरीच वर्षं झाली. तो म्हणाला, ‘सर, हे मी रोज बघतो. घड मोठा पडतो, कापणी लवकर येते.’ तो सांगत होता ते खोटं नव्हतं. मी एवढंच विचारलं, ‘कोठे लिखेल शे?’ त्याने उतारा तीनदा वाचला. उत्पन्नाचा शब्द नव्हता. उत्तर नॉट गिव्हन. त्या दिवशी तो नाराज होऊन गेला. पण त्यानंतर हा प्रकार त्याचा क्वचितच चुकला. ओळखीच्या विषयावरच माणूस जास्त चुकतो, हे त्याला स्वतःच्या शेतावरून कळलं.

पद्धत अशी ठेवा. विधान वाचा आणि त्यातला नेमका दावा शोधा. ‘ऑल’, ‘ओन्ली’, ‘मेनली’, ‘द फर्स्ट’, ‘मोअर दॅन’ असे शब्द असतील तर त्यांना गोल करा, कारण विधान बहुधा त्याच शब्दावर उभं असतं. मग उताऱ्यातली जागा शोधा. हे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात, म्हणजे तिसऱ्याची जागा दुसऱ्याच्या पुढेच असणार. जागा सापडली की स्वतःला एकच प्रश्न विचारा : या ओळीवरून विधान खरं ठरतं का, खोटं ठरतं का? दोन्हींपैकी एकही ठरवता येत नसेल तर नॉट गिव्हन लिहा आणि पुढे जा. नॉट गिव्हनचा पुरावा शोधत बसलात तर तो मिळणारच नाही, आणि चार मिनिटं जातील.

‘येस, नो, नॉट गिव्हन’ हा याचाच भाऊ, पण तिथे लेखकाचं मत विचारलेलं असतं. उताऱ्यात एखाद्या शास्त्रज्ञाचं मत दिलं असेल आणि लेखकाने त्यावर काहीच म्हटलं नसेल, तर ते लेखकाच्या खात्यावर टाकू नका. शिवाय जिथे ‘येस’ मागितलं आहे तिथे ‘ट्रू’ लिहू नका. सूचना वाचली नाही म्हणून मार्क गेले, तर फार वाईट वाटतं.

पायरी पाचवी : बाकीचे प्रश्न

परिच्छेदांना मथळे जुळवायचा प्रश्न असेल तर तो सगळ्यांत आधी सोडवा. तो सोडवताना सगळा उतारा एकदा नजरेखालून जातो, पुढच्या प्रश्नांना त्याचा फायदा होतो. मथळा अख्ख्या परिच्छेदाला लागू पडला पाहिजे. परिच्छेदातल्या एका उदाहरणाला जुळणारा मथळा यादीत हमखास असतो, आणि घाईत तोच उचलला जातो. वर केलेला ‘एका वाक्यात सार’ हा सराव इथे कामाला येतो : आधी मथळ्यांची यादी न बघता स्वतःचा मथळा मनात ठरवा, मग यादीत त्याच्या जवळचा शोधा. मथळे उताऱ्याच्या क्रमाने नसतात, आणि परिच्छेदांपेक्षा संख्येने जास्त असतात.

सारांशातल्या रिकाम्या जागा, तक्ते, आकृत्या, छोटी उत्तरं यांत शब्दमर्यादा हाच सापळा. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना ‘द सॉइल फंगस’ लिहिलं तर ते तीन शब्द झाले आणि मार्क गेला. ‘सॉइल फंगस’ लिहिलं तर मिळाला. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरतात. शब्द उताऱ्यातूनच घ्यायचा असेल तर तो जसाच्या तसा उचला, एकवचनाचं अनेकवचन करू नका, आणि स्पेलिंग उताऱ्यात बघून लिहा. स्पेलिंग चुकलं तर उत्तर चूक. भरल्यावर पूर्ण वाक्य एकदा वाचा, व्याकरणात बसत नसेल तर शब्द दुसरा आहे.

माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते शोधायचा प्रश्न शेवटी ठेवा. तो क्रमाने नसतो आणि वेळ खातो. बहुपर्यायी प्रश्नांत चारही पर्याय वाचण्याआधी प्रश्न वाचून उताऱ्यातलं उत्तर काढा, मग पर्याय बघा. माणसांची नावं आणि मतं जुळवायच्या प्रश्नात नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात, त्यामुळे ती पटकन दिसतात. उताऱ्यात प्रत्येक नावाला गोल करून ठेवा, एवढं पुरतं.

पायरी सहावी : घड्याळ

पहिले तीन आठवडे प्रश्न सोडवताना घड्याळ लावू नका, हे माझं ठाम मत आहे. पद्धत बसायच्या आधी वेग वाढवला तर चुकाच वेगाने होतात. चौथ्या आठवड्यापासून एकेक उतारा २५ मिनिटांत, सहाव्यापासून २० मिनिटांत. आठव्या आठवड्यापासून पूर्ण पेपर एका बैठकीत.

तिन्ही उताऱ्यांना २० मिनिटं वाटायची हा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे. मी १७, २० आणि २३ सांगतो, कारण उतारे सहसा पुढे कठीण होत जातात. एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की अंदाजाने उत्तर लिहा, बाजूला खूण करा आणि निघा. पहिल्या उताऱ्यातल्या एका हट्टी प्रश्नापायी तिसऱ्यातले चार सोपे प्रश्न जातात.

संगणकावरची परीक्षा देणार असाल तर सराव मोबाइलवर करू नका. परीक्षेत डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न असतात, दोन्ही वेगवेगळे सरकवावे लागतात, मजकुरावर रंग लावता येतो. घरी लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा गावातल्या सायबर कॅफेत शेवटचे दोन आठवडे बसा. परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या अधिकृत साइटवर नमुना पेपर फुकट आहेत, ते याच स्वरूपात सोडवता येतात.

पायरी सातवी : चुकांची वही

रोज एक पेपर सोडवून, मार्क मोजून झोपणारी मुलं महिनाभर त्याच बँडवर असतात. आठवड्याला तीन पेपर पुरे. पेपर एक तासाचा, तर त्याची चिरफाड दोन तासांची. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत चार गोष्टी लिहा : माझं उत्तर, बरोबर उत्तर, ते उताऱ्यात कोणत्या ओळीत आहे, आणि माझं का चुकलं. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘निष्काळजीपणा’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘ओन्ली हा शब्द सुटला’, ‘घरच्या माहितीवरून लिहिलं’, ‘अनेकवचन केलं’ असं लिहा. पाच पेपरांनंतर हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. तीन-चार कारणंच पुन्हा पुन्हा दिसतील, आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास तिथून ठरवा. बरोबर आलेल्या पण अंदाजाने लिहिलेल्या उत्तरांनाही चूक धरा. ती पुढच्या वेळी वाचवणार नाहीत.

मेमध्ये आपल्याकडे दुपारी डोकं चालत नाही. भुसावळ-जळगावचं ऊन माहीत असलेल्याला हे सांगायला नको. पूर्ण पेपर सकाळी सात ते आठ सोडवा आणि चिरफाड संध्याकाळी अभ्यासिकेत करा. अभ्यासिकेत आजूबाजूला सगळे एमपीएससी आणि पोलीस भरतीवाले असतील, आयईएलटीएसवाला एखादाच. मिळाला तर त्याला जोडीदार करा आणि एकमेकांना ‘कोठे लिखेल शे’ विचारत जा.

परीक्षेच्या आधीचे दोन दिवस

नवीन पेपर नको. चुकांची वही आणि जोड्यांची वही, एवढंच वाचा. केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट परीक्षेला गेलेल्या मुलांचा रीडिंगचाच बँड पडतो, कारण लिसनिंग संपल्यावर लगेच रीडिंग येतं आणि तोवर डोळे थकलेले असतात. मधे सुटी नसते, त्यामुळे घरचे दोन-तीन सराव तरी लिसनिंगला जोडूनच करा. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट लागतो, नोंदणीत दिलेलाच. तो आदल्या रात्री बॅगेत ठेवा.

पेपरची शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा. रिकाम्या जागा भरा, जिथे शब्दमर्यादा आहे ते शब्द मोजा, अनेकवचनाचे ‘एस’ बघा. उत्तर बदलायचं असेल तर त्या ओळीवर पुन्हा बोट ठेवता येत असेल तरच बदला.

गुणपत्रिका दोन वर्षं ग्राह्य धरतात. रीडिंग ६.५ आला आणि विद्यापीठाला ७ हवा असेल, तर लगेच सगळी फी भरून पुन्हा अर्ज करू नका. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे. फक्त आधी त्या विद्यापीठाला मेल करून, अशी गुणपत्रिका चालते का, ते लेखी विचारून घ्या. उत्तर येईपर्यंत चुकांची वही काढा आणि शेवटचा रकाना वाचायला बसा.